वजनावर घेतलेला एसएमपीएस

नव्वदच्या दशकात चंद्रपुरात एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, वजनावर घेतला जायचा. तराजू नसायचा. एक डबा या हातात, दुसरा त्या हातात, आणि जड लागेल तो घरी न्यायचा. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नसे. तोच काउंटरवर दोन-तीन डबे मांडून म्हणायचा, ‘उचलून पाहा ना जी.’ लेबलवर २०० वॅट लिहिलंय की २५०, याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. लेबलाला कागद आणि शाई पुरते. वजनाला तांबं, फेराइट आणि अ‍ॅल्युमिनियम लागतं.

ही परीक्षा ऐकायला गावठी वाटेल, पण तिला आधार होता. हलका डबा उघडला की आत रिकाम्या जागा दिसत. लाइनमधली खरखर अडवणाऱ्या कॉइलसाठी बोर्डावर खूण छापलेली, भोकंही पाडलेली, आणि कॉइलच्या जागी सरळ तारेचा एक तुकडा. हीट सिंक म्हणून पातळ पत्र्याची पट्टी. मोठे कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचे हवेत तिथे २२० चे. कारखान्याने वाचवलेला जवळजवळ प्रत्येक रुपया वजनातूनच निघालेला असायचा, म्हणून तो हाताला कळायचा.

आता हात फसतो. छोट्या डेस्कटॉपसाठी येणारा पॉवर सप्लाय मुळातच हलका असतो आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. जुने डबे सेकंदाला तीसेक हजार वेळा चालू-बंद होत. आजचे त्याच्या कितीतरी पट वेगाने होतात. वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. उष्णता कमी निघाली की हीट सिंकही लहान पुरतो. जुना एटीएक्स डबा १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटरचा, म्हणजे पावणेदोन लिटरच्या वर. एसएफएक्स नावाचा आखूड प्रकार पाऊण लिटरपेक्षा किंचित मोठा, आणि फ्लेक्स प्रकार तर जेमतेम अर्धा लिटर, एसटी स्टँडवर मिळणाऱ्या पाण्याच्या लहान बाटलीएवढा. त्यातून साडेतीनशे-चारशे वॅट निघतात आणि खरोखर निघतात. मग त्याची परीक्षा कशी करायची?

बाहेरगावचा पाहुणा आधी वेगळंच विचारतो. चंद्रपूरकरांनी विजेची एवढी काळजी का करावी? वीज तर तुमच्याकडेच तयार होते ना? होते. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन आहे. १५०० मेगावॅट वाहून नेणारी. इथे एसीची डीसी करायची, सबंध महाराष्ट्र ओलांडून न्यायची आणि तिकडे मुंबईसाठी पुन्हा एसी करायची. टेबलाखालचा डबासुद्धा एसीची डीसीच करतो, फक्त १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. मोठ्या कामाचा मान आमच्या जिल्ह्याला मिळाला. लहान कामाचे हाल मात्र आमच्याच गावांत होत राहिले.

कारण केंद्र जवळ असलं तरी गावापर्यंतची शेवटची तार तीच जुनी. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की संध्याकाळी मीटरवर १६०-१७० व्होल्ट दिसत आणि बल्बचा लालसर कोळसा होई. मध्यरात्री पंप बंद झाले की तोच काटा २६० च्या पुढे. पलीकडे गडचिरोलीत, १९८२ मध्ये आमच्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यात, लाइन मैलोन्‌मैल जंगलातून जाते. वारा सुटला, फांदी पडली, लाइन गेली. भामरागडला पर्लकोटेचा पूर चढला की रस्ताच बंद होतो. लाइनमन अलीकडे आणि बिघाड पलीकडे.

अशा लाइनवर जुना एसएमपीएस तग धरायचा तो बेताबेतानेच. त्याच्या कागदावर खालची हद्द १८० व्होल्ट असायची. संध्याकाळी सहानंतर संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागला की आम्ही व्हायरसला शिव्या द्यायच्या आधी मीटर लावून बघायचो. घरोघरी स्टॅबिलायझर होताच. व्होल्टेज पडलं की त्याचा रिले ‘टक’ करायचा, परत ‘टक’, आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात त्या टकटकीला पोरं हसायची. हा अभ्यासक्रम चालवणारं एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्यात संगणकाचे वर्ग निघाले. दहा संगणक, त्यांना एकच मोठा स्टॅबिलायझर आणि दाराशी डिझेल जनरेटर.

त्या डब्याच्या पाठीवर एक लाल खटका असे, ११५ आणि २३० असं लिहिलेला. अमेरिकेसाठी एक बाजू, आपल्यासाठी दुसरी. एखाद्या आगाऊ पोराने पेनाच्या टोकाने तो ११५ वर सरकवला आणि बटण दाबलं की आतले दोनशे व्होल्टचे कपॅसिटर सुतळी बॉम्बसारखे फुटायचे. वर्गात धूर, मासळीसारखा एक विचित्र वास, आणि सगळ्यांचे चेहरे निरागस. नंतर बहुतेक वर्गांनी त्या खटक्यावर चिकटपट्टी लावली. काहींनी तो कापूनच टाकला.

फुटलेला डबा फेकला जात नसे, आणि स्मरणरंजनात रमायचंच असेल तर मी इथे रमतो. जटपुरा गेटच्या आसपास एक काका होते. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, मग टीव्हीचे, मग ओघाने संगणकाचे. त्यांच्या टेबलावर शंभर वॅटचा एक बल्ब सॉकेटच्या सिरीजमध्ये जोडलेला असायचा. बिघडलेला एसएमपीएस त्यातूनच लावायचा. बल्ब क्षणभर उजळून विझला तर आत शॉर्ट नाही. भगभगत राहिला तर १३००७ नंबरचे दोन ट्रान्झिस्टर गेले. ते बदलायचे, फ्यूज बदलायचा, पुन्हा बल्ब. मग लोड म्हणून मोटारसायकलचा इंडिकेटरचा दिवा जोडायचा, कारण जुने एटी डबे लोडशिवाय सुरूच होत नसत. लाल तारेवर पाच व्होल्ट दिसले की काका मीटर खाली ठेवायचे आणि चहा सांगायचे.

मदरबोर्डला जाणारे दोन प्लग तेव्हा शेजारी-शेजारी बसत आणि उलटेही बसू शकत. उलटे बसले की मदरबोर्ड गेला. म्हणून ‘काळ्याला काळी’ हा मंत्र: दोन्ही प्लगच्या काळ्या तारा मधे, एकमेकींना लागून. काका हे प्रत्येक पोराकडून म्हणवून घ्यायचे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सची आखणी आणली, प्लग एकच झाला, उलटा बसेनासा झाला आणि मंत्र निकालात निघाला. तो बदल आमच्याकडे पोहोचायला बरीच वर्षं लागली, ते वेगळं.

कपॅसिटरबद्दल काकांचा एक हट्ट होता. ८५ अंशांचा लिहिलेला ते हातात धरत नसत. १०५ चाच लावायचे. ‘मे महिना इथे कुणाच्या बापाचा नाही,’ असं म्हणायचे. त्यांचं म्हणणं पुस्तकातल्या नियमाशी जुळतं: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ च्या घरात जातो. टेबलाखालच्या लाकडी खणात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर आतली हवा त्याहून गरम. त्यात घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर इकडच्या खाणींची कोळशाची भुकटी. ती पंख्याच्या पात्यावर काळ्या मखमलीसारखी बसते, आणि पावसाळ्यात ओल धरते. उबेला आलेल्या पाली आणि मुंग्या हा वेगळाच अध्याय. पाल दोन टोकांवर एकाच वेळी टेकली की पालही जायची आणि एसएमपीएसही. परदेशी मासिकांतल्या कुठल्याही परीक्षणात पालीचा रकाना मला आजवर दिसलेला नाही.

मग भारनियमनाची वर्षं आली. जून २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, बिलावरचं नाव बदललं आणि लाइन जाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. ग्रामीण भागात दिवसाचे निम्मे तास अंधारात. यूपीएस ही तेव्हा चैनीची वस्तू राहिली नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवण्यासारखंही काही नव्हतं. पेंटियम फोर आणि काचेचा जाडजूड मॉनिटर मिळून दीडशे ते दोनशे वॅट खात. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची एक बॅटरी. ती नवी असताना दहा मिनिटं. दोन उन्हाळे काढल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरता वेळ, तोही हात चपळ असेल तर. २०११ पासून ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ योजनेचे संगणक आले. दाखले ऑनलाइन झाले आणि ‘लाइन आली का जी?’ हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसलेला माणूस विचारू लागला. आधी तो फक्त पंपासाठी विचारायचा.

आता आजचं. मूलकडच्या एका गावात माझा भाचा आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. खोली लहान, टेबलावर प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, वायफायचा डबा. त्याला पुस्तकांच्या फळीत मावेल असा छोटा डेस्कटॉप हवा होता आणि पॉवर सप्लाय कोणता घ्यायचा हे त्याने मला विचारलं. ‘मामा, ६५० वॅटचा घेऊन टाकू का? एकदाचं काम झालं पाहिजे.’ सगळेच असं म्हणतात, आणि इथेच पहिली गफलत होते.

त्याच्या संगणकाचं पोट किती? ३५ वॅटचा प्रोसेसर, एक एसएसडी, दोन रॅम. कामात पन्नास वॅटच्या आसपास, नुसता बसलेला असताना वीसेक. ६५० चा डबा अशा वेळी आपल्या ताकदीच्या तीन-चार टक्क्यांवर कुथत राहतो, आणि इतक्या कमी भारावर चांगल्या डब्याचीही कार्यक्षमता घसरते. ८० प्लस नावाचा जो शिक्का २००४ पासून रूढ झाला, त्याची मूळ मोजणी २०, ५० आणि १०० टक्के भारावरची. त्याखाली काय होतं याबद्दल तो शिक्का गप्प असतो. म्हणजे लहान कामाला लहान डबाच बरा. दोनशे-अडीचशे वॅटचा, पण खरा.

खरा कसा ओळखायचा? लेबल आता वाचावं लागतं. वरचा मोठा आकडा सोडून द्यायचा आणि १२ व्होल्टच्या रकान्यात अँपियर किती ते पाहायचं. बाराने गुणलं की उत्तर मिळतं. ‘४५० वॅट’ असं ठळक लिहिलेल्या कित्येक डब्यांवर १२ व्होल्टला १४ अँपियर असतात. म्हणजे १६८ वॅट. आजचा संगणक जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच घेतो, तेव्हा बाकीची बेरीज शोभेची.

दुसरा रकाना इनपुटचा. १०० ते २४० असं सलग लिहिलेलं असेल, मधे खटका नसेल, तर आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग) आहे असं सहसा समजावं. जुन्या दिवसांची आठवण काढून हळहळणाऱ्यांना मी हा रकाना दाखवतो. संध्याकाळच्या १६० व्होल्टवर हा डबा हूं की चूं करत नाही. स्टॅबिलायझरची टकटक ज्या दुखण्यासाठी होती ते दुखणं अर्ध्या लिटरच्या डब्याने आतूनच बरं केलं. गावची तार आहे तिथेच आहे. अर्थात फुकट काही नाही. व्होल्टेज पडलं की तेवढेच वॅट खेचायला करंट वाढतो, करंट वाढला की उष्णता वाढते, आणि ही सगळी कसरत नेमकी मे महिन्यातल्या उन्हाळी धानाच्या संध्याकाळी चालते. ८० प्लसची चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. २३ अंश आमच्याकडे डिसेंबरात असतात. म्हणून लेबलवरचे वॅट किती अंशांपर्यंतचे आहेत, ४० की ५०, हे कंपनीच्या माहितीपत्रकात शोधायचं. लिहिलेलंच नसेल तर ४० सुद्धा नाही असं धरून चालायचं.

उष्णतेचा हिशेब एकदा कागदावर मांडला की बाकीचं आपोआप उमगतं. पन्नास वॅट द्यायला ६५ टक्क्यांचा जुना डबा भिंतीतून ७७ वॅट घेतो. २७ वॅट त्याच्याच पोटात उष्णता होऊन राहतात. ९० टक्क्यांचा नवा साडेपंचावन्न घेतो. साडेपाच वॅटची उष्णता. सत्तावीस वॅट हवेत फेकायला मोठा पंखा लागतो, पंखा भुकटी ओढतो, भुकटी उष्णता कोंडते. साडेपाच वॅटला पंखा जवळपास फिरावाच लागत नाही. फ्लेक्स प्रकाराचा चाळीस मिलिमीटरचा पंखा मात्र फिरला की डासासारखा कानाशी गुणगुणतो. रात्री शांत खोलीत काम करणाऱ्याने तो घेऊ नये. सेवा केंद्राच्या गर्दीत कुणाला ऐकू येतो?

शेवटी आम्ही एसएफएक्स घेतला, नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने. छोटे ब्रँडेड डेस्कटॉपही बरे मिळतात, पण त्यांतल्या अनेकांत पॉवर सप्लायचा प्लग त्या-त्या कंपनीचा वेगळाच असतो आणि तो गेला की बदली मूलमध्येही मिळत नाही, चंद्रपुरातही नाही. ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या प्लगचा डबा असेल तर परवा दुसऱ्या कंपनीचा बसतो. काकांच्या काळात डबा दुरुस्त व्हायचा. आता तो बदलला जातो, म्हणून बदलता येणं तरी हातात ठेवायचं. नव्या डब्यात डिंक ओतलेला, भाग तांदळाच्या कणीएवढे. सिरीजचा बल्बसुद्धा पीएफसीवाल्या डब्याशी नीट बोलत नाही, उगाच लुकलुकतो. ते कसब गेलं, याचं मला वाईट वाटतं. ते डबे गेले, याचं नाही.

तपासणी आम्ही आमच्या पद्धतीने केली. भर दुपारी, दार लावून, संगणकावर जड काम चालू ठेवलं आणि पिवळ्या तारेवर मीटर धरला. १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. आकडा सुरुवातीला जिथे होता तिथेच तासाभरानेही हवा. हळूहळू खाली सरकत असेल तर डबा परत करायचा. मग काम चालू असतानाच यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि डब्याने पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद स्वतःच्या कपॅसिटरवर निभावून न्यावं अशी अपेक्षा असते. भाचा ओरडला, ‘अरे मामा, काहून काढला?’ पण पडदा हललासुद्धा नाही. काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले डबे स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर रुसतात. ते दुकानात कळत नाही, असंच कळतं. तोच ७ अँपियर-तासाच्या बॅटरीचा यूपीएस आता संगणक आणि एलईडी मॉनिटर मिळून पाऊण तासाच्या आसपास ओढतो. दाखला छापून, सही-शिक्का होऊन, माणूस घरी जातो तेवढा वेळ.

भामरागडच्या पलीकडच्या गावांसाठी मी पॉवर सप्लाय सुचवतच नाही. तिथे सोलरची १२ व्होल्टची बॅटरी आधीच असते. तिची डीसी इन्व्हर्टरने २३० व्होल्ट एसी करायची आणि एसएमपीएसने पुन्हा १२ व्होल्ट डीसी करायची, हा चंद्रपूर-पडघ्याचा उद्योग एका खोलीत कशाला? १९ व्होल्टवर चालणारा छोटा संगणक आणि मधे बॅटरीच्या चढ-उताराला पुरून उरणारा एक डीसी-डीसी बोर्ड. बॅटरी साडेदहापासून साडेचौदाच्या वरपर्यंत हेलकावे खाते, तेवढं त्याने सोसलं म्हणजे झालं.

भाच्याची एकच गोष्ट मी ऐकली नाही असं तो म्हणतो: स्टॅबिलायझर फेकून देण्याची. फेकू मीच दिला नाही. कमी व्होल्टेजसाठी त्याची गरज संपली हे खरं. पण गावच्या डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या घरात व्होल्टेज येऊ शकतं, आणि २६४ च्या वर कुठल्याच डब्याची हमी नसते. त्या वेळी स्टॅबिलायझरचा हाय-कट रिले कामाला येतो. टकटकीचे रिले काढून फक्त कटऑफ ठेवला तरी चालेल. हजाराच्या आतबाहेर वेगळं यंत्रही मिळतं. आमच्याकडे जुना होताच, तोच ठेवला.

आणि अर्थिंग. जुन्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, पोरं एकमेकांना ‘हात लावून पाहा’ म्हणायची. नव्या छोट्या डब्यालाही येतात. फिल्टरमधले दोन कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलपासून धातूच्या खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर खोकं अर्ध्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट नगण्य असतो, पण पेन ड्राइव्ह आणि बायोमेट्रिक यंत्राचे पोर्ट त्यानेच हळूहळू जातात. भाच्याच्या खोलीतल्या तिसऱ्या पिनमागे तारच नव्हती. बाहेर खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घातलं, तार आणून जोडली. मे महिन्यात तिथली जमीन भेगाळते, तेव्हा दर दोन दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम त्याच्या धाकट्या मुलीकडे आहे, आणि ती त्याचे पैसे मागते.